व्हर्जनचा आकडा जुना दिसला म्हणून सॉफ्टवेअर धोक्याचं ठरवू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत सायबर सुरक्षेवर लेख आला होता, छान होता, ओटीपी आणि डिजिटल अरेस्टचा भाग तर मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पण टाकला. पण शेवटी जी चौकट दिलीय ना, की सर्व्हरवर कायम लेटेस्ट व्हर्जन ठेवा आणि जुनं व्हर्जन दिसलं की धोका समजा, तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवेना. कारण नेमकं हेच वाक्य घेऊन ऑडिटर लोक आमच्या मानगुटीवर बसतात. मी सांगलीत काही पतसंस्थांचे आणि एका सहकारी बँकेचे लिनक्सवर (विंडोजसारखीच, पण ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टम) चालणारे सर्व्हर सांभाळतो, त्यामुळे हे रोजचं दुखणं आहे.

घरच्या कॉम्प्युटरला, मोबाईलमधल्या ॲपला तुमचा सल्ला शंभर टक्के बरोबर आहे, आलं अपडेट की मारा. सर्व्हरचं तसं नसतं. तिथं चालणारं बरंचसं सॉफ्टवेअर ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं, असतं, लिनक्स कर्नल (लिनक्सचा गाभा), ओपनएसएसएल (माहिती सांकेतिक करून पाठवणारं), ओपनएसएसएच (सर्व्हरवर लांबून लॉगिन करायचं), पोस्टग्रेस (डेटाबेस) वगैरे, आणि यातल्या बहुतेक प्रोजेक्टमध्ये एकाच वेळी दोन प्रकारची कामं चालू असतात. एक मेनलाइन, तिथं रोज नवीन फीचर येतात, जुना कोड मोडून नवा लिहितात. आणि दुसरी स्टेबल ब्रांच, म्हणजे आधीच निघालेल्या व्हर्जनची वेगळी ठेवलेली शाखा, तिथं नवीन काही घालायचंच नाही, सापडलेले बग तेवढे दुरुस्त करायचे. बग मेनलाइनवर दुरुस्त होतो आणि मग तीच दुरुस्ती कुणीतरी माणूस बसून जुन्या ब्रांचमध्ये उतरवतो. याला बॅकपोर्ट करणं म्हणतात. वरचा आकडा तोच जुना राहतो पण आतलं भोक बुजलेलं असतं. आता ज्याला फक्त आकडा वाचता येतो त्याला हे कसं कळणार.

हार्टब्लीड आठवत असेल, एप्रिल 2014, तेव्हा तुमच्याकडे पण बातम्या आल्या असतील. ओपनएसएसएलमध्ये समोरचा म्हणायचा की मी एवढी मोठी माहिती पाठवलीय तेवढीच परत दे, आणि सर्व्हर ती खरंच तेवढी आहे का हे न तपासता स्वतःच्या मेमरीतला 64 केबीपर्यंतचा तुकडा उचलून द्यायचा, त्यात पासवर्ड असो नाहीतर सर्टिफिकेटची प्रायव्हेट की असो. मूळ प्रोजेक्टने 1.0.1जी हे व्हर्जन काढून ते दुरुस्त केलं. पण रेड हॅट 6 आणि डेबियन व्हीझी या लिनक्सच्या दोन डिस्ट्रो, म्हणजे सगळं सॉफ्टवेअर एकत्र जुळवून देणाऱ्या आवृत्त्या, दोन्हीकडे 1.0.1ई होतं, आणि त्यांनी 1.0.1जी वर उडी न मारता लांबी तपासणाऱ्या त्या थोड्याशा ओळी तेवढ्या ई मध्ये आणून बसवल्या. म्हणजे अपडेट मारलेला सर्व्हर पण ई च दाखवायचा आणि न मारलेला पण ई च. त्या वेळी किती जणांनी घाबरून चांगले चालणारे सर्व्हर उलटेपालटे केले असतील देव जाणे. त्यातली अजून एक गंमत म्हणजे ज्यांच्याकडे त्याहून जुनं, 0.9.8 होतं, त्यांना हा बग लागूच नव्हता, तो आलाच मुळी 1.0.1 पासून.

आता आमच्याकडे काय होतं ते सांगतो. दरवर्षी व्हीएपीटी, म्हणजे सर्व्हरमधली सुरक्षेची भोकं शोधायची तपासणी, होते, ती व्हायलाच पाहिजे, त्याबद्दल तक्रार नाही. ऑडिटरचा मुलगा लॅपटॉप लावतो, टूल चालू करतो, टूल 22 नंबर पोर्टवर जाऊन विचारतं की तू कोण, सर्व्हर म्हणतो ओपनएसएसएच 8.0, टूल आपल्या यादीत बघतं की 8.0 नंतर किती बग जाहीर झाले आणि तेवढ्या लाल ओळी छापून मोकळं होतं. त्यातली एक ओळ घ्या, सीव्हीई-2023-38408 (जाहीर झालेल्या सुरक्षेच्या बगला असा सीव्हीई नंबर देतात), एसएसएच एजंट म्हणजे लॉगिनच्या की सांभाळणाऱ्या प्रोग्राममधला बग. मूळ प्रोजेक्टने जुलै 2023 मध्ये 9.3पी2 काढून तो दुरुस्त केला. रेड हॅट 8 वाल्यांनी तोच फिक्स 8.0 मध्ये बॅकपोर्ट केला, त्यांच्या पॅकेजच्या नावात 8.0पी1 च्या पुढे जी 19 आणि ईएल8 अशी शेपटी असते ना, ती खरी माहिती, आणि टूलने वाचलेल्या ओळीत ती शेपटी येतच नाही. मी पॅकेजचा चेंजलॉग, म्हणजे झालेल्या बदलांची नोंद, काढतो, त्यात तो सीव्हीई नंबर शोधतो, स्क्रीनशॉट काढून मेल करतो. उत्तर येतं, सर तुमचं बरोबर असेल पण टूलमध्ये रेड दिसतंय, व्हर्जन वाढवलं की रिपोर्ट क्लोज होईल. मग संचालक मंडळाच्या मीटिंगमध्ये प्रश्न, एवढ्या लाल ओळी कशा काय राहिल्या. चेअरमन साहेबांना मी काय सांगू, की साहेब दुरुस्ती झालेली आहे पण दिसत नाही? ऐकायलाच कसंतरी वाटतं.

आणि व्हर्जन वाढवा म्हणजे नेमकं काय करायचं, तर डिस्ट्रोचं पॅकेज काढून टाकायचं आणि सोर्स डाउनलोड करून आपणच नवीन ओपनएसएसएच कंपाइल करून बसवायचं. बरेच व्हेंडर असंच करतात. रिपोर्ट हिरवा होतो, बिल निघतं. पण त्या क्षणापासून त्या सॉफ्टवेअरला डिस्ट्रोकडून येणारे फिक्स बंद, कारण त्यांच्या पॅकेजशी त्याचा काही संबंधच उरलेला नसतो, आणि व्हेंडरचा माणूस परत फिरकतो तो थेट पुढच्या ऑडिटला.

मग 1 जुलै 2024 ला काय झालं बघा. क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या लोकांनी ओपनएसएसएचमधला रिग्रेशनचा बग जाहीर केला, सीव्हीई-2024-6387. 2006 मध्ये एकदा दुरुस्त झालेला बग ऑक्टोबर 2020 मधल्या एका बदलाने परत आत आला होता, 8.5पी1 पासून ते 9.8 येईपर्यंतची सगळी व्हर्जन त्यात सापडली. रेड हॅट 8 चं 8.0? सुटलं. डेबियन 11 चं 8.4? तेही सुटलं. आणि ज्यांनी ऑडिट क्लोज करायला आदल्या वर्षी हौसेने 9 च्या पुढचं बसवून घेतलं होतं ते बरोबर अडकले, वर त्यांना फिक्स पाठवणारं पण कुणी नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये एक्सझेड या फाईली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरचं प्रकरण झालं, कुणीतरी दोन वर्षं विश्वास कमवून 5.6.0 आणि 5.6.1 मध्ये चक्क बॅकडोअर, म्हणजे चोरदरवाजा, घातलं होतं, पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंडला एसएसएच लॉगिन अर्धा सेकंद जास्त का घेतंय म्हणून शंका आली आणि ते उघडकीला आलं. तिथं पण अगदी नवीन व्हर्जन वापरणारेच धोक्यात होते, डेबियन स्टेबलमध्ये जुनं असल्यामुळे तिथं ते पोचलंच नाही. याचा अर्थ जुनं ते सोनं असं मी म्हणत नाहीये, माझं म्हणणं एवढंच की आकड्यावरून काहीच कळत नाही, ना धोका कळतो ना सुरक्षितता.

वाचकांना जवळचं उदाहरण पाहिजे असेल तर मोबाईलच्या सेटिंगमध्ये जाऊन बघा, अँड्रॉइडचं व्हर्जन वेगळं लिहिलेलं असतं आणि सिक्युरिटी पॅचची तारीख वेगळी. ऑगस्ट 2015 पासून गुगल दर महिन्याला ही दुरुस्त्यांची यादी काढतं आणि त्या फिक्स फक्त सगळ्यात नवीन अँड्रॉइडला नाही तर मागच्या काही व्हर्जनना पण दिलेल्या असतात. म्हणून मागच्या वर्षीचं अँड्रॉइड आणि ह्या महिन्याची तारीख असलेला फोन हा नवीन अँड्रॉइड आणि वर्षभरापूर्वीची तारीख असलेल्या फोनपेक्षा बरा. तुमच्या चौकटीत हे एक वाक्य असतं तरी मी हे पत्र लिहिलं नसतं.

आता हे बॅकपोर्टचं काम करतं कोण आणि कसं, हे मला जास्त सांगायचंय, कारण त्याच्याबद्दल मराठीत कुणी लिहिताना मला दिसत नाही. लिनक्स कर्नलचं घ्या. 2005 मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन आणि ख्रिस राइट यांनी स्टेबल ट्री, म्हणजे स्टेबल ब्रांचच्या कोडचा वेगळा साठा, सुरू केला, आता ग्रेग आणि साशा लेव्हिन तो मुख्यतः बघतात. नियम अगदी कडक आहेत. फिक्स आधी मेनलाइनमध्ये, म्हणजे लिनक्सचा मूळ कर्ता लिनस टोरवाल्ड्सच्या ट्रीमध्ये गेलेलाच पाहिजे, नाहीतर माणूस पुढच्या व्हर्जनला गेल्यावर तोच बग परत भेटणार. आजूबाजूच्या ओळी धरून पॅच 100 ओळींच्या वर नको. लोकांना खरोखर त्रास देणारा बग पाहिजे, असं होऊ शकतं तसं होऊ शकतं असले कल्पनेतले नकोत. ज्याने बग दुरुस्त केला त्याने खाली लिहायचं की हा कुठल्या जुन्या कमिटमुळे (कोडमधल्या नोंदलेल्या बदलामुळे) आला, म्हणजे कुठल्या ब्रांचपर्यंत मागे न्यायचा ते कळतं, आणि बॅकपोर्ट केलेल्या पॅचवर मूळ मेनलाइन कमिटचा नंबर द्यायचा. मग सगळे पॅच एकत्र करून आधी टेस्टिंगला सोडतात, साधारण 48 तास देतात, कुणी ओरडलं तर तो पॅच काढतात, नाही ओरडलं तर रिलीज. एकेका रिलीजमध्ये शेकड्यांनी पॅच असतात आणि एकाच वेळी चार-पाच जुन्या ब्रांचना हे सगळं करायचं.

कोडमधले बदल नोंदवणाऱ्या गिट या टूलमध्ये चेरी-पिक नावाची कमांड आहे, एका ब्रांचवरचा कमिट उचलून दुसरीवर टाकायचा, त्यामुळे नवीन पोरांना वाटतं बॅकपोर्ट म्हणजे एका ओळीचं काम. कॉन्फ्लिक्ट, म्हणजे दोन्हीकडचा कोड जुळत नाही असं, आला नाही तर आहेच एका ओळीचं. पण दोन वर्षांत मेनलाइनवर फंक्शनचं नाव बदललेलं असतं, लॉक घ्यायची पद्धत बदललेली असते, फिक्स ज्या हेल्पर फंक्शनला हाक मारतो तो हेल्पर जुन्या ब्रांचमध्ये जन्मालाच आलेला नसतो. बीएस-सिक्स गाडीचा फ्युएल इंजेक्शनचा पार्ट कार्ब्युरेटरवाल्या जुन्या स्प्लेंडरला नुसता बसवून चालत नाही, मेकॅनिकला त्या जुन्या गाडीत तो बिघाड कुठून होतोय ते परत शोधावं लागतं, तसंच आहे हे. आणि जास्त वाईट म्हणजे कॉन्फ्लिक्ट न येता गुपचूप बसणारा पॅच. तो कंपाइल होतो, चालतो, आणि चुकीचं काम करतो.

डिसेंबर 2023 मध्ये अगदी हेच झालं. एक्स्ट4 फाइलसिस्टममधली, म्हणजे डिस्कवर फाईली ठेवायच्या व्यवस्थेतली, एक दुरुस्ती 6.1 च्या स्टेबल ब्रांचमध्ये, 6.1.64 ला आणली. मेनलाइनवर ती बिनघोर चालत होती कारण तिच्या आधी शेजारच्या आयओमॅप या फाईली लिहायच्या-वाचायच्या कोडमध्ये एक छोटा बदल झालेला होता, फाईलमधली जागा थोडी उशिरा पुढे सरकवायचा. तो बदल काही बग फिक्स नव्हता त्यामुळे तो 6.1 मध्ये कधी आणलाच नव्हता. दोन्ही कोड आपापल्या जागी बरोबर, पण त्या ब्रांचवर एक आहे आणि दुसरा नाही, आणि परिणाम काय तर डायरेक्ट आयओने, म्हणजे मधली मेमरी टाळून थेट डिस्कवर, लिहिताना पुढचा डेटा फाईलमध्ये भलत्याच जागी जाऊन पडायला लागला. डेटा करप्शन, ते पण स्टेबल म्हणून दिलेल्या कर्नलमध्ये. डेबियनचं 12.3 हे 9 डिसेंबरला यायचं होतं, ते त्यांनी तिथल्या तिथं थांबवलं, लोकांना सांगितलं की अपडेट करू नका, आणि दुसऱ्या दिवशी 6.1.66 कर्नल घालून थेट 12.4 काढलं. शनिवार-रविवार होता तो. त्या लोकांनी तो वीकएंड कसा काढला असेल ते आमच्यासारख्यांनाच कळेल.

म्हणून जे म्हणतात की हे काम आता मशीन करेल त्यांना मी एवढंच विचारतो की हा आयओमॅपवाला बदल मशीनने ओळखला असता का. साशा लेव्हिन कितीतरी वर्षं मशीन लर्निंग लावून कुठले कमिट बॅकपोर्ट करण्यासारखे आहेत ते शोधतोय, उपयोग होतो त्याचा, निसटलेले खूप फिक्स सापडतात. पण एक्सएफएस फाइलसिस्टमवाल्यांनी स्वच्छ सांगितलं की आमचं काही आपोआप उचलू नका, आमची माणसं टेस्ट करून देतील तेवढंच घ्या. मला त्यांचं पटतं. डेटा जिथं आहे तिथं माणसाने डोळे घातलेच पाहिजेत.

आणि ही माणसं किती आहेत, तर मोजकीच. 2017 मध्ये अँड्रॉइडवाल्यांच्या गरजेमुळे कर्नलच्या लाँग टर्म ब्रांचची मुदत 2 वर्षांवरून 6 वर्षं केली होती. सप्टेंबर 2023 मध्ये स्पेनमधल्या बिल्बाओच्या कॉन्फरन्समध्ये कर्नलबद्दल लिहिणाऱ्या जॉनथन कॉर्बेटने सांगितलं की ती परत 2 वर्षांवर आणणार, कारण इतक्या जुन्या ब्रांच फारसं कुणी वापरत नाही आणि मेंटेनर थकलेत. साहजिकच आहे हो. नवीन फीचर करणाऱ्याचं नाव होतं, कॉन्फरन्सला बोलावतात. 4.14 सारख्या जुन्या कर्नलमध्ये फिक्स नीट बसवला म्हणून कुणाचा सत्कार झालेला मी तरी ऐकला नाही. पुण्यात रेड हॅटचं ऑफिस आहे, पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या ईडीबीचं आहे, तिथल्या लोकांना विचारा, ते माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. पोस्टग्रेस तर प्रत्येक मोठं व्हर्जन 5 वर्षं सांभाळतं, म्हणजे सतत पाच ब्रांच जिवंत, आणि तिथं पण नोव्हेंबर 2024 मध्ये 17.1 मध्ये आतल्या एका स्ट्रक्चरचा आकार बदलल्यामुळे काही एक्स्टेन्शन (वरून जोडलेले प्रोग्राम) बिघडली आणि आठवड्यात 17.2 काढावं लागलं. एवढं सांभाळून सुद्धा.

आपण मात्र या सगळ्याच्या जिवावर फुकट बसलेलो. सेंटओएस 7, रेड हॅटच्या कोडवरून बनवलेलं फुकटचं लिनक्स, आठवतंय? आपल्याकडच्या कितीतरी संस्था, कॉलेज, होस्टिंगवाले त्याच्यावर होते. रेड हॅटच्या इंजिनिअरने बॅकपोर्ट करायचं आणि आपण ते सेंटओएसमधून पैसे न देता घ्यायचं असा तो सगळा मामला होता. 30 जून 2024 ला त्याचा सपोर्ट संपला. आता गंमत बघा, रेड हॅट 7 ला पैसे भरून वाढीव सपोर्ट घेतलेला सर्व्हर आणि तसाच सोडून दिलेला सेंटओएस 7 चा सर्व्हर, दोघांचं कर्नल 3.10 च दाखवणार. हे 3.10 मुळात 2013 चं, मूळ प्रोजेक्टने ते 2017 मध्येच सोडलं. एकात आजही फिक्स येतायत आणि दुसरा रामभरोसे. तुमच्या चौकटीप्रमाणे दोन्ही सारखेच धोक्याचे, आणि तसं समजून एखाद्या संस्थेने पहिल्यावर खर्च केला आणि दुसरा तसाच कोपऱ्यात चालू ठेवला तर जबाबदार कोण. असे कोपऱ्यातले सर्व्हर मी बघितलेत, एसीच्या खाली बादली आणि शेजारी सेंटओएसचा डबा.

सरकारी बाजूला पण हेच आहे. सरकारच्या सी-डॅक संस्थेचं बॉस लिनक्स डेबियनवर उभं आहे, म्हणजे डेबियनच्या सिक्युरिटी टीमने जे बॅकपोर्ट केलं त्यावर ते चालणार. डेबियनची पहिली तीन वर्षं संपली की पुढची दोन वर्षं एलटीएसचे (लाँग टर्म सपोर्टचे) लोक बघतात, आणि त्यांचे पगार काही कंपन्या वर्गणी काढून देतात. जपानच्या हिताची, तोशिबा आणि जर्मनीच्या सिमेन्सने 2016 मध्ये लिनक्स फाउंडेशनखाली एकत्र येऊन वीज, रेल्वे असल्या कामांसाठी 4.4 सारखं कर्नल दहा वर्षं सांभाळायचं ठरवलं, पैसे आणि माणसं दोन्ही घालून. वीज आणि रेल्वे आपल्याकडे पण आहेच की. आपण टेंडरमध्ये काय लिहितो? लेटेस्ट व्हर्जन ऑफ लिनक्स. बस. टेंडर निघेपर्यंत लेटेस्ट असतं, इन्स्टॉल होईपर्यंत दोन व्हर्जन मागे पडतं, कारण कर्नल दर नऊ-दहा आठवड्यांनी नवीन येतं.

त्याऐवजी टेंडरमध्ये लिहा की या सॉफ्टवेअरच्या या ब्रांचला सिक्युरिटी फिक्स कोण देणार, कुठल्या तारखेपर्यंत देणार, आणि दिलेला फिक्स कुठल्या चेंजलॉगमध्ये दिसणार. आणि ऑडिटवाल्यांना माझी विनंती आहे की बाहेरून नुसती व्हर्जनची पाटी वाचण्यापेक्षा आमच्याकडून लॉगिन घेऊन स्कॅन करा, मग टूल पॅकेजची पूर्ण शेपटी वाचतं आणि रेड हॅट, डेबियन, उबंटू यांनी स्वतः जाहीर केलेल्या दुरुस्त्यांच्या यादीशी ताडून बघतं, निम्म्याहून जास्त भांडणं तिथंच मिटतील. फेब्रुवारी 2024 पासून कर्नलवाले स्वतःच सीव्हीई नंबर द्यायला लागल्यापासून ते हजारोंनी येतायत, आकड्याला आकडा लावत बसलात तर रिपोर्ट छापायला कागद पुरणार नाही.

तुमच्या पुरवणीत जागा असेल तर ती चौकट पुन्हा एकदा नीट करून छापा, आणि त्यात सर्व्हर बघणाऱ्यांसाठी सपोर्ट संपण्याची तारीख कुठं बघायची तेवढं तरी द्या. डेबियन, रेड हॅट, उबंटू, पोस्टग्रेस सगळ्यांच्या साइटवर ती उघडपणे दिलेली असते. पत्र लांबलंय, कापायचं असेल तर सेंटओएसचा भाग ठेवून बाकी कापा. नाव छापू नये ही विनंती.

आपला नियमित वाचक,
एक सिस्टम ॲडमिन, सांगली